न पिणारं पिंप

पिंपात भरलेल्या वाइनचा पहिला घोट कोण घेतं, सांगता येईल तुम्हाला? मालक म्हणाल, तर चुकलात. नाकाशी पेला धरून डोळे मिटणारे जाणकार म्हणाल, तर त्याहून चुकलात. पहिला घोट लाकूड घेतं. बूच घट्ट असो, तोटीला कुलूप असो, वाइन हळूहळू फळ्यांत मुरते आणि फळ्यांतून हवेत निघून जाते. तेवढी आत पोकळी होते, पोकळीत हवा साठते आणि हवेला एकदा चटक लागली की ती उरलेल्या वाइनचं आंबट पाणी करून टाकते. म्हणून पिंपात दर महिन्याला भर घालावी लागते. तळघरातली माणसं याला पिंपाला पाजणं म्हणतात. सगळी पिंपं पितात.

एक पिंप मात्र पीत नाही, अशी ख्याती होती. ते पिंप जिने बनवलं, तिला सगळे पिंपवालीच म्हणायचे. खरं नाव पगाराच्या दिवशी लागायचं, तेवढंच.

ती लग्न होऊन आली तेव्हा तिला पिंप आणि हौद यातला फरक कळत नव्हता. सासरा वाइनच्या कारखान्यातला पिंप बनवणारा. त्याला दोन मुलगे, आणि दोघांनाही या कामाचा कंटाळा. थोरला, म्हणजे हिचा नवरा, माल चढवायला गेला. धाकटा गाडी चालवायला. म्हातारा एकटाच फळ्या तासत बसायचा, आणि लोखंडी कडं ठोकताना दुसरं टोक धरायला कुणी नसलं की सुनेला हाक मारायचा. सून कडं धरता धरता बघायला लागली. आत शेकोटी पेटवून, बाहेरून पाणी मारत, फळ्या कशा वाकतात. कुठली फळी वाकते आणि कुठली मोडते. उकळतं पाणी आत ओतून पिंप गडगडवलं की गळती कुठून सुस्कारते. एक दिवस म्हाताऱ्याच्या हाताला कंप सुटला आणि तिने त्याच्या हातातला फळ्या तासायचा वाकस काढून घेतला. विचारलं नाही, काढून घेतला. म्हातारा म्हणाला, बाई, हे बायकांचं काम नाही. ती म्हणाली, मग तुमच्या मुलांना बोलवा. विषय तिथेच संपला.

पुढची कैक वर्षं कारखान्याच्या कागदावर ती 'मदतनीस' होती. पिंप पूर्ण ती करायची, मदत कुणाची करत होती ते तो कागदच जाणे. बाईचं काम असलं की त्याला मदत म्हणायचं आणि पगारही मदतीइतकाच द्यायचा, ही युक्ती कुठल्या मालकाला शिकवावी लागत नाही. पण पिंपवाली मुकाट्याने ऐकणाऱ्यातली नव्हती. दंड भरलेले, आवाज तळघरातून वरच्या अंगणात पोहोचणारा, आणि राग असा की ठोकणी हातात असताना समोरचा दोन पावलं लांब उभा राहून बोलायचा.

तिची जाऊ, धाकटी, अगदी उलट. काडीसारखी, आवाज खालचा, पण ताठा तेवढाच. ती मस्कत द्राक्षांच्या गोड वाइनवर होती. पांढऱ्या मस्कत द्राक्षाला संत्र्याच्या सालीसारखा वास असतो. त्याचा रस आंबायला घालायचा आणि गोडी पुरती संपायच्या आत नेमक्या वेळी थांबवायचा. ती नेमकी वेळ धाकटीला कळायची. कारखान्यात तो विभाग तिच्या हाताखाली होता, आणि त्या खोलीत ती दुसऱ्या कुणाला फिरकू द्यायची नाही. दोघी जावा एकाच घरात राहायच्या, एका चुलीवर, आणि सकाळी एकत्र निघायच्या. एक बडबडत, एक हुंकार देत.

मग तो संप झाला.

आंबणाऱ्या रसातून जो वायू निघतो तो डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. टाकी धुवायला आत उतरलेला एक कामगार वर आलाच नाही. त्याला काढायला उतरलेला दुसराही नाही. मालकाने शोकसभा घेतली आणि पंखे बसवायला नकार दिला. ऐन हंगामात सगळे फाटकाबाहेर बसले. मागण्या साध्या होत्या: तळघरात पंखे, टाकीत कुणी एकट्याने उतरायचं नाही, वर एक माणूस दोर धरून उभा. आणि जाता जाता, बायकांना पुरुषांइतका पगार. ही शेवटची मागणी पिंपवालीने घुसवली होती. युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, आता हे मध्येच कुठे. ती म्हणाली, आता नाही तर तुमच्या तेराव्याला का?

फाटकाबाहेर सगळे बसले होते, आणि चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी मालकाची गाडी आली. मागच्या सीटवर धाकटी. खिडकीची काच वर, नजर समोर. गाडी चालवणारा तिचाच नवरा. फाटक उघडलं, गाडी आत गेली, फाटक बंद झालं.

संध्याकाळी घरात जे झालं ते शेजाऱ्यांनी भिंतीला कान न लावता ऐकलं. धाकटीचं म्हणणं एवढंच होतं की मस्कतचा रस टाकीत फसफसत होता, दोन दिवसांत त्याची माती झाली असती, आणि रसाला संप कळत नाही. पिंपवाली म्हणाली, माणसं मेली ती तरी कळली का तुझ्या रसाला? त्यानंतर घरात मधोमध भिंत उभी राहिली आणि रस्त्याच्या बाजूने दुसरं दार काढलं गेलं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. काही सांगायचंच झालं तर दिरामार्फत, आणि दीर बिचारा दोन्हीकडून शिव्या खायचा.

संप लांबला. वेलींवरची काळी द्राक्षं कुणी तोडली नाहीत. ती वेलीवरच सुरकुतली, मनुकांसारखी काळीठिक्कर झाली, पानं झडली तरी लटकत राहिली. शेवटी मालक वाकला. पंखे आले, दोर आले, पगारसुद्धा आला. मालकाने फक्त एक सूड उगवला: वेलींवर उरलेल्या त्या कचऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ही तुमची कमाई, घेऊन जा. कामगारांनी ती खरंच घेतली. रात्रपाळीच्या लोकांनी तोडली, दिवसपाळीने चेचली. त्या वाळल्या फळांतून रस तो किती निघणार? पण जो निघाला तो मधासारखा दाट होता. पिंपवालीने त्याच्यासाठी एक लहान पिंप घडवलं. आयुष्यात तिने इतक्या निगुतीने दुसरी वस्तू केली नाही. पोटच्या पोराचं बारसंसुद्धा नाही, असं पोर अजून म्हणतं.

आणि मग सभेत ठरलं: हे पिंप संपाचं. संपात जो उभा राहिला तोच यातलं पिणार. त्यांतला शेवटचा माणूस काम सोडेल त्या दिवशी पिंप उघडायचं. तोवर वर्षातून एकदाच, सगळ्यांसमक्ष, पिंपवालीने बूच काढायचं, कमी झालेली भर काळ्या द्राक्षांच्या गोड वाइननेच घालायची आणि वर लाख ओतून सेक्रेटरींचा शिक्का मारायचा.

वर्षातून एकदा. ही माणसं तळघरात जन्म काढलेली. पिंपाला दर महिन्याला पाजावं लागतं हे त्यांच्या पोरांनाही ठाऊक. पण महिन्याला उघडायचं म्हणजे महिन्याला कुणीतरी घोट मारणार, हा संशय प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल होता. मालकाला नमवलेली माणसं एकमेकांच्या घशाला भ्यायली. पिंपवालीनेही हात वर केला. पिंप गेलं तर गेलं, पण फसवणूक नको.

पहिल्या वर्षी तिने बूच काढलं. आत बोट घातलं तर बोट ओलं. पिंप जवळजवळ काठोकाठ. शेजारच्या पिंपांनी बादल्या प्यायल्या होत्या. यात एक भांडं पुरलं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग तिच्या हातांकडे. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. बोलबाला झाला. दुसऱ्या कारखान्यांतून माणसं येऊन पिंपावर टिचकी मारून जायला लागली. तिच्या पिंपांना मागणी आली, हाताखाली माणसं आली, मुलगा त्याच धंद्यात शिरला. कुणी विचारलं की गुपित काय, तर ती फळ्यांच्या सांध्याबद्दल, शेकोटीच्या धगीबद्दल काहीतरी सांगायची आणि ते तिला स्वतःलाच पटायचं. मिरवायची ती, आणि का मिरवू नये? पुरुष वाकसाला हात लावू देत नव्हते त्या धंद्यात तिचं पिंप एकमेव न पिणारं होतं.

संपातली माणसं एकेक करून कामावरून गेली, काही जगातून गेली. शेवटी उरली ती. तिच्या निवृत्तीच्या दिवशी भर दुपारी तळघरात टेबल मांडलं. पंखे घरघरत होते. संपातले जे होते ते काठ्या टेकत आले, जे नव्हते त्यांच्या बायका आल्या, मुलं आली. सेक्रेटरी कधीचेच निवृत्त झालेले, पण इस्त्रीचा शर्ट घालून हजर. धाकटीला अजून बरीच नोकरी होती. ती वर मस्कतच्या खोलीत पाळीवर होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि ती आली नव्हती.

सेक्रेटरींनी भाषण केलं. त्यात पिंप होतं, संप होता, आणि मुख्य म्हणजे सेक्रेटरी होते. मग शिक्का फोडला. पिंपवालीने काचेची नळी आत सोडली, वरच्या टोकावर अंगठा दाबून बाहेर काढली आणि पहिला पेला स्वतःसाठी भरला. तो तिचाच मान होता.

काळी वाइन काळी राहिलीच नव्हती. जुन्या चहासारखी गडद तपकिरी झाली होती, आणि पेला कलता केला की कडेला पिवळट हिरवी झाक. हलवल्यावर ती काचेवरून घाईने उतरेना. तेलासारखी चिकटून, तिच्या मर्जीने खाली येत होती. पिंपवालीने वास घेतला. अंजीर, भाजलेला अक्रोड, करपायच्या बेतात उतरवलेल्या साखरेचा पाक, आणि मागे कुठेतरी स्वतःच्याच जुन्या शेकोटीचा धूर. तिने घोट घेतला.

आधी गोडी आली, जाड, जिभेभर पसरणारी. तिच्या मागोमाग आंबटपणाची एक धार, गोडीला जागच्या जागी उभी करणारी, नाहीतर ती नुसती काकवी झाली असती. मग कॉफीसारखा कडवटपणा, किंचित खारट. घोट गिळला तरी चव गेली नाही. ती घशातून परत वर येत राहिली, दर वेळी थोडी वेगळी. पिंपवालीचे डोळे भरून आले असते, ती तसल्यातली असती तर.

आणि चौथ्या की पाचव्या खेपेला चव वर आली ती संत्र्याच्या सालीची.

तिने दुसरा घोट घेतला. पुन्हा तेच. अगदी शेवटाला, पातळ, पण स्वच्छ: वाळलेल्या संत्र्याची साल. काळ्या द्राक्षाला हा वास नसतो, कितीही जुनं होऊ दे. तो एकाच द्राक्षाला असतो. आणि ते द्राक्ष या कारखान्यात एकाच बाईच्या हाताखालून जातं.

लोक तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने पेला ठेवला आणि पिंपाच्या मागे गेली, जिथे पिंप आणि भिंत यांच्यामध्ये हातभरही जागा नव्हती. तिचा दंड तिथे मावेना. शेवटी खांदा वळवून, गाल लाकडाला लावून तिने बोटं आत सरकवली आणि वरच्या फळीवरून फिरवली. फळी ओळखीची होती, तिनेच तासलेली. मध्येच बोटाला लाकडाची एक खुंटी लागली, बोटाएवढ्या छिद्रात ठोकलेली, वरून घासून सपाट केलेली. ही खुंटी तिने ठोकलेली नव्हती. तिथवर हात सहज जायला माणूस काडीसारखं हवं.

गाल लाकडाला टेकलेलाच होता, आणि तेवढ्या वेळात तिला सगळं कळलं. हे पिंप पीत होतं. बाकीच्यांइतकंच पीत होतं. महिन्याच्या महिन्याला कुणीतरी त्याला पाजत होतं, आणि वर्षातून एकदा ती येऊन एक भांडं ओतून सगळ्यांची शाबासकी घेऊन जात होती.

तिकडे सेक्रेटरी रंगात आले होते. दुसऱ्या कारखान्यांतून आलेल्या पाहुण्यांना सांगत होते की बघा, एवढ्या वर्षांत थेंब कमी झाला नाही, याला म्हणतात हात. तुमचा तो नवा कारखानासुद्धा यांच्याच पिंपांसाठी रांगेत आहे. पिंपवालीचा मुलगा शेजारी उभा राहून फुलत होता. तिने फक्त गप्प बसायचं होतं. एवढ्या माणसांत ती साल ओळखणारी जीभ दुसरी नव्हती. सगळे आधीच गहिवरले होते, त्यांना कोमट पाणी दिलं असतं तरी अंजीर लागलं असतं. गप्प राहिली असती तर नाव राहिलं असतं, मुलाचा धंदा राहिला असता आणि भिंतही राहिली असती.

ती बाहेर आली, गालाला लागलेली धूळ पुसली आणि म्हणाली, "धाकटीला बोलवा."

 सेक्रेटरी म्हणाले, अहो, ती संपात नव्हती.

"माहीत आहे. मी होते. मला सांगू नका."

मग तिने तिच्या त्याच अंगणात पोहोचणाऱ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं की हे पिंप पितं, चांगलं दांडगं पितं, आणि आजवर जी करामत तुम्ही माझ्या हाताची समजलात आणि मी माझ्या हाताची समजले, ती माझ्या हाताची नाही. पिंप चांगलं आहे. याहून चांगलं कुणी बनवून दाखवावं. पण लाकूड ते लाकूड. ज्यांना माझं पिंप न पिणारं म्हणून हवं असेल त्यांनी दुसरीकडे बघावं, ज्यांना पिंप म्हणून हवं असेल त्यांनी रांगेत थांबावं. सांगण्याचा थाट असा की आपण बक्षीस वाटतोय.

धाकटी आली ती ओल्या हातांनी, कमरेला रबरी एप्रन. फोडलेली लाख बघितली, खुंटीकडे बघितलंच नाही, आणि काय ते ओळखलं. चोरी पकडली गेली असं तिला वाटलं असणार, कारण ती सरळ सेक्रेटरींकडे बघून बोलली की चाखायला म्हणून काढलेलं जे उरतं त्यावर माझा हक्क आहे, ते मी मोरीत ओतेन नाहीतर पिंपात, कारखान्याचा थेंब घेतलेला नाही.

"तुला ते कुणी विचारलंय?" पिंपवाली म्हणाली. किती वर्षांनी ती तिच्याशी थेट बोलत होती ते तळघरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. "का भरलंस ते सांग."

"वर्षातून एकदा भर घालतात का कुणी? तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं."

"मग? तुमच्या भांडणात चांगल्या पिंपाने मरायचं?"

"भांडण पंख्यांसाठी होतं. त्याच पंख्यांखाली उभी आहेस."

"आहे ना. वारा छान येतो." धाकटीने एप्रनला हात पुसले. "मी तेव्हा आत गेले ते बरोबरच केलं, ताई. आजही जाईन."

"आणि मी आजही तुला फितूरच म्हणेन. पेला घे."

सेक्रेटरींनी मध्ये पडून नियम म्हणजे नियम, सभेचा ठराव, हुतात्म्यांचा मान असं बरंच काही मांडलं. पिंपवालीने ते पुरतं ऐकून घेतलं, जे ती सहसा करत नाही. मग म्हणाली की नियम आपणच केला, आणि एकमेकांना चोर समजून केला. तो पाळत बसलो असतो तर आज या टेबलावर आंबट पाणी असतं. जिने पाजलं ती पिणार. सेक्रेटरी तावातावाने निघून गेले, पेला मात्र रिकामा करून.

धाकटी म्हणत होती, तुमच्या संपाची वाइन मला नको. पिंपवालीने पेला तिच्या ओल्या हातात कोंबला. संपाची अर्धीच आहे, म्हणाली, बाकीची तुझी, तुझी तू पी. तेव्हा कुठे धाकटीने घोट घेतला. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून, भिंतीकडे बघत. बराच वेळ तिने तो तोंडात धरला. लोक वाट बघत होते की आता ही रडेल, गळ्यात पडेल, काहीतरी होईल.

"अजून कच्ची आहे," धाकटी म्हणाली. "घाई केलीत."

पिंपवाली हसली, आणि तिचं हसू म्हणजे पिंप गडगडल्यासारखं. तिने पुन्हा नळी घातली, चाखली, आणि नाइलाजाने मान डोलावली. पिंप रिकामं करायचं ठरलं होतं ते तिथेच रद्द झालं. घोटघोट सगळ्यांना मिळालं, विधवांना आधी, आणि उरलेल्यावर दोघींनी भर घातली: एकीने काळी, एकीने मस्कत. बुचावर लाख ओतली नाही.

घरी मुलगा कुरकुरला. "आई, गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" काही गिऱ्हाइकं खरंच फिरली होती. ती म्हणाली, जीभ बिघडली असती, आणि जेवायला बसली.

आता ती कामावर नाही, पण महिन्यातून एकदा तळघरात जाते. धाकटी वरून उतरते. घरातली भिंत आहे तिथेच आहे, दारं दोन आहेत, आणि रस्त्यात समोरासमोर आल्या तरी एक आकाशाकडे बघते, एक चपलांकडे. बोलतात त्या फक्त त्या पिंपापाशी. आणि बोलतात म्हणजे संपाबद्दलच: तू गाडीत काच वर का केलीस, तुम्ही गाडीवर दगड का उचललात, मी उचलला नव्हता, मी बघितला. आवाज अंगणात येतो. त्याच वेळी एक नळी धरते, दुसरी नरसाळं, आणि खाली थेंब सांडत नाही.

ते ऐकून दर वेळी कुणी ना कुणी भला माणूस समेट घडवायला जिना उतरतो. म्हणून तुम्हाला विनंती आहे: कधी त्या कारखान्यात गेलात, आणि तळघरातून दोन बायकांचं कडाक्याचं भांडण ऐकू आलं, तर मध्ये पडू नका. वरच थांबा, आणि त्यांना पिंप भरू द्या.